रेटिनॉलने चेहरा हुळहुळतोय, आता काय करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेटिनॉल (चेहऱ्याला लावायचं व्हिटॅमिन ए) लावून स्वतःच्या चेहऱ्याची वाट लावून घेतलेल्यांपैकी मी एक, आणि तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचाही चेहरा सोलायला लागला की पहिला मेसेज मलाच येतो. बहुतेक रात्री ११ नंतर, कारण दिवसभर कामात लक्ष नसतं आणि उशीला गाल टेकला की मग कळतं काय झालंय ते. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, वाचून आणि तोंड पोळून शिकलेली आहे. डॉक्टरकडेच कधी जायचं ते खाली लिहिलंय, घाई असेल तर तो प्रश्न आधी वाचा.

आत्ता या क्षणी चेहऱ्याची आग होतेय. पहिलं काय करू?

नुकतंच लावलं असेल तर साध्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुऊन टाका, घासू नका, गरम पाणी तर अजिबात नको. मग मऊ कापड नुसतं टेकवून टिपून घ्या आणि चेहरा किंचित ओला असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. फारच भगभगत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून पिळून ५-१० मिनिटं चेहऱ्यावर ठेवा आणि त्यानंतर मॉइश्चरायझर. बर्फ थेट लावू नका, आधीच दुखावलेल्या कातडीला बर्फाने वेगळा चटका बसतो.

आणि रेटिनॉल बंद. उद्यापासून नाही, आजपासून. नुसतं रेटिनॉलच नाही तर ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ॲसिड, बेंझॉईल पेरॉक्साईड, व्हिटॅमिन सीचं सिरम, स्क्रब, टोनर, क्ले मास्क हे सगळं कपाटात. बेसिनवर दिसलं की हात जातो, म्हणून खरंच कपाटात ठेवा. (पिंपल्सचं किंवा दुसरं कसलं औषध डॉक्टरांनी दिलेलं असेल तर मात्र त्यांना एक फोन करा, स्वतःच्या मनाने ठरवू नका.)

पण हे होतं तरी कशामुळे? व्हिटॅमिन तर आहे ना ते?

हो, रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन ए. पण कातडीत गेल्यावर ते आधी रेटिनाल होतं, मग रेटिनोईक ॲसिड होतं, आणि खरं काम हे शेवटचं ॲसिड करतं. ते पेशींना सांगतं की पटापट नव्या तयार व्हा. खालून नव्या पेशी ढकलत वर यायला लागतात आणि वरच्या जुन्या पेशी एकमेकींना ज्याने धरून असतात ती पकड सैल होते, म्हणून पापुद्रे सुटतात. कातडीचा सगळ्यात वरचा थर पातळ होतो, त्यातून आतलं पाणी उडून जायला लागतं आणि बाहेरचं जे एरवी आत शिरत नाही ते शिरायला लागतं. म्हणून कालपर्यंत मुकाट चालणारा फेसवॉश आज झोंबतो. बिचाऱ्या फेसवॉशचा काही दोष नसतो.

आग होण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला फार पटलं. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक रिसेप्टर असतो, उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सेसिन ओळखणारा. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की रेटिनॉईड्स (रेटिनॉल, रेटिनोईक ॲसिड अशी व्हिटॅमिन एची सगळी भावंडं) हाच रिसेप्टर चालू करतात. म्हणजे 'मिरची लावल्यासारखं झोंबतंय' असं जे आपण म्हणतो ते अगदी शब्दशः बरोबर आहे.

आणि हा त्रास काही आजचा नाही. रेटिनोईक ॲसिड, म्हणजेच ट्रेटिनॉईन, पिंपल्ससाठी अमेरिकेत १९७१ मध्ये मंजूर झालं आणि तक्रारीही तेवढ्याच जुन्या आहेत. डॉक्टर याला रेटिनॉईड डर्मटायटिस म्हणतात. त्याला स्वतःचं नाव मिळालंय यावरून किती लोकांना होतं ते समजा.

म्हणजे मला ॲलर्जी आहे का?

बहुतेक नाही. हे इरिटेशन आहे, म्हणजे डोस तुमच्या कातडीला झेपला नाही एवढंच. ॲलर्जीत खाज जास्त असते, सूज येते, पित्ताच्या गांधीसारखे चट्टे उठतात, आणि जिथे लावलंच नाही तिथेही पसरू शकतं. तसं असेल तर ती बाटली परत उघडायचीच नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. कधी कधी ॲलर्जी रेटिनॉलची नसतेच, त्या बाटलीतल्या सुगंधाची किंवा प्रिझर्व्हेटिव्हची असते.

साल निघतेय म्हणजे काम करतंय ना? थोडं सोसलं पाहिजे असं सगळे म्हणतात.

मीही हेच ऐकून होते. १ टक्क्याची बाटली आणली, लेबलवर लिहिलं होतं रोज रात्री, म्हणून रोज रात्री, तेही अर्धा ड्रॉपर, आणि त्याच्या आधी ग्लायकोलिकचा टोनर कारण तो संपवायचा होता. तिसऱ्या दिवशी चेहरा जरा ताणल्यासारखा वाटला, मी मनात म्हटलं वा, टाईट होतोय. पाचव्या दिवशी सकाळी जांभई दिली आणि तोंडाचा उजवा कोपरा टचकन फाटला. आरशात बघितलं तर हनुवटी मेणकापडासारखी चकचकीत, नाकाच्या बाजूला पांढरे पापुद्रे, आणि डोळ्यांतून जे पाणी आलं ते गालावरून ओघळताना सुद्धा झोंबत होतं. रडायची पण सोय नाही! त्यात चार दिवसांनी एका कार्यक्रमात स्टेजवर उभं राहायचं होतं. गेले, पण फोटो एकही ठेवला नाही.

तर उत्तर असं की नाही, साल निघणं हा काम होत असल्याचा पुरावा नाही. १९९५ मध्ये ट्रेटिनॉईनवरचा एक अभ्यास छापून आला, ४८ आठवडे चाललेला, त्यात ०.०२५ टक्के आणि ०.१ टक्के अशा दोन ताकदी तपासल्या. दुसरी पहिलीच्या चौपट. उन्हाने खराब झालेल्या त्वचेत सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच, पण इरिटेशन मात्र जास्त ताकदवाल्यांना कितीतरी अधिक. म्हणजे फायदा तेवढाच आणि मनस्ताप फुकटचा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

सुरुवातीच्या २ ते ६ आठवड्यांत थोडा कोरडेपणा आणि किरकोळ पापुद्रे बऱ्याच जणांना येतात आणि ते आपोआप कमी होतात, ते ठीक आहे. पण आग, फाटणं, हुळहुळणं, पाणी झोंबणं हे 'सोसायचं' नसतं. तिथे थांबायचं.

मला पिंपल्स आलेत. हे पर्जिंग की इरिटेशन?

जागा बघा. पर्जिंग म्हणजे नव्या पेशी पटापट वर येताना आतले दडलेले पिंपल्स एकदम बाहेर येणं. ते तिथेच होतं जिथे तुम्हाला एरवी पिंपल्स येतात, आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांत ओसरतं. जिथे कधीच काही येत नव्हतं, समजा गालाच्या वरच्या हाडावर, तिथे एकसारखे बारीक लाल पुटकुळे आले आणि सोबत जळजळ आहे तर ते इरिटेशन. पर्जिंगच्या नावाखाली लोक दोन दोन महिने चेहरा सोलत बसतात, ते करू नका.

माझा रंग सावळा आहे, लाल वगैरे काही दिसत नाही. मग कसं ओळखायचं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आणि यावर फारच कमी लिहिलं जातं, कारण फोटोंमध्ये कायम गोरे गाल लालबुंद झालेले दाखवतात. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर इरिटेशन लाल दिसेलच असं नाही, ते काळपट, तांबूस-तपकिरी किंवा जांभळट दिसतं, कधी राखेसारखं करडं. दिसण्यापेक्षा स्पर्शावर जास्त विश्वास ठेवा. हाताची पाठ गालाला लावा, गरम लागतं का, खरखरीत लागतं का, साधं पाणी मारलं तर चुरचुरतं का.

आणि आपल्याला थांबायची घाई जास्त असायला हवी ती अशासाठी की आपल्या रंगाच्या त्वचेत सूज गेली तरी मागे काळा डाग राहतो, आणि तो जायला महिने लागतात. कितीतरी जण डाग घालवायला रेटिनॉल सुरू करतात आणि इरिटेशनमुळे नवे डाग पाडून घेतात. माझ्या हनुवटीवरचा तसला एक पट्टा जायला सहा महिने लागले.

किती दिवसांत बरं होईल?

नुसतं चुरचुरत आणि थोडं सुटत असेल तर ३-४ दिवसांत फरक कळतो. चांगलंच भाजल्यासारखं झालं असेल तर १ ते २ आठवडे. पण आग थांबली म्हणजे कातडी पूर्ण बरी झाली असं नाही, वरचा थर नव्याने तयार व्हायला साधारण ४ आठवडे लागतात, वय जास्त असेल तर आणखी. लोक इथेच चुकतात, पाचव्या दिवशी बरं वाटलं की सहाव्या रात्री परत लावतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग लावायचं काय? नावं सांगा.

ब्रँड सांगत नाही, घटक सांगते, डबीच्या मागे वाचायची सवय लावा.

सगळ्यात आधी ग्लिसरिन. साधं, जुनं, कुणी त्याची जाहिरात करत नाही, पण पाणी धरून ठेवण्यात भलेभले त्याच्यापुढे फिके. मग सेरामाईड. कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजलात तर पेशी या विटा आणि मधला गिलावा म्हणजे सेरामाईड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड, त्यातही निम्मा वाटा सेरामाईडचा. रेटिनॉलने भिंत खिळखिळी केलीये म्हटल्यावर हेच तिघं एकत्र असलेलं क्रीम मिळालं तर उत्तम.

पँथेनॉल म्हणजे बी-५, ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर आग शमवायला मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. त्याची ती जाडसर पांढरी क्रीमं असतात, चेहरा भुतासारखा दिसतो, पण रात्री कोण बघतंय. अलँटॉईन, सेंटेला (म्हणजे मंडूकपर्णी), कोलॉइडल ओटमील हे पण शांत करणारे. ओटमीलला अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये त्वचारक्षक म्हणून अधिकृत जागा दिली, त्यामुळे ते नुसतं फॅड नाही. नियासिनामाईड बॅरियरला, म्हणजे त्या भिंतीला, चांगलं आहे पण २ ते ५ टक्क्यांचं, आणि तेही आग थांबल्यावर. १० टक्क्यांचं सिरम फाटलेल्या चेहऱ्यावर लावू नका, काहींना त्यानेच चेहरा तापतो.

आता यादी एवढी दिली म्हणून सगळं एकदम विकत आणू नका हं! एक क्लिन्झर, एक मॉइश्चरायझर, एक सनस्क्रीन. बस. सकाळी तर क्लिन्झरही नको, नुसतं पाणी पुरे. चेहरा शांत करायचा म्हणजे काहीतरी लावायचं असं आपल्या डोक्यात बसलंय, खरं तर यात लावण्यापेक्षा न लावण्याचा भाग मोठा आहे. माझ्या मैत्रिणीने पहिल्या आठवड्यात पाच 'सूदिंग' वस्तू एकावर एक लावल्या, त्यातल्या दोनांत लव्हेंडरचं तेल होतं. आग कुठून येतेय ते शोधायलाच तिचा दुसरा आठवडा गेला.

घरगुती काही? कोरफड वगैरे?

स्वयंपाकघरातलं काहीही सध्या नको. आंबट तर नकोच, भाजलेल्या कातडीवर ॲसिड ते ॲसिडच, मग ते फळातलं असो की बाटलीतलं. कोरफडीचं पान कापून थेट लावलं तर गरासोबत सालीजवळचा पिवळा चीक येतो आणि त्यानेच खाज सुटते. बिनवासाचं, बिनअल्कोहोलचं तयार जेल मानवत असेल तर त्यावर मॉइश्चरायझर लावून चालेल, नुसतं जेल लावलं तर सुकल्यावर चेहरा आणखी ओढतो.

मॉइश्चरायझरच झोंबतंय! आता?

अर्धं-एक मिनिट चुरचुरून थांबत असेल तर चालवून घ्या, पातळ झालेल्या कातडीवर साधं पाणीही चुरचुरतं. त्याहून जास्त वेळ आग होत राहिली तर धुवा आणि डबीच्या मागे बघा, युरिया, लॅक्टिक ॲसिड, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध यातलं काही आहे का. युरिया टाचांना फार छान, पण फाटलेल्या गालावर नको. काहीच सहन होत नसेल तर दोन-तीन दिवस नुसतं पेट्रोलियम जेली, त्यात झोंबण्यासारखं जवळजवळ काही नसतंच.

पेट्रोलियम जेली चेहऱ्यावर? छिद्रं बंद नाही होणार?

नाही. व्हॅसलिनचं पेटंट १८७२ चं आहे आणि दीडशे वर्षं होऊन गेली तरी पाणी अडवण्यात त्याला तोड मिळालेली नाही, कातडीतून उडणारं जवळपास सगळं पाणी ते थांबवतं. स्वच्छ पेट्रोलॅटम स्वतःहून छिद्रं बुजवत नाही. पण दमट हवेत, घामट चेहऱ्यावर, पिंपल्सवाल्यांना चिकचिक होते आणि घामाने पुरळ येऊ शकतं, म्हणून त्यांनी फक्त फाटलेल्या जागी लावावं, नाकाच्या कडा, तोंडाचे कोपरे, तिथे तिथे. तांदळाएवढं घ्यायचं, बोटांवर चोळून कोमट करायचं आणि दाबून लावायचं.

एक मात्र कधीच करू नका, रेटिनॉल लावून त्यावर जेलीचा जाड थर. खाली कोंडलेलं औषध आणखी आत शिरतं. मॉइश्चरायझरवर जेली ठीक, रेटिनॉलवर जेली नाही.

पापुद्रे लोंबतायत, ओढून काढू का?

नाही. ओढलं की सुटलेल्याबरोबर न सुटलेलं पण येतं, आणि तिथेच डाग पडतो. फारच विचित्र दिसत असेल तर मॉइश्चरायझर जरा जास्त लावून १० मिनिटं थांबा, पापुद्रे मऊ होऊन चिकटून बसतात. लोंबणारं टोक अगदीच खटकत असेल तर स्वच्छ बारीक कात्रीने तेवढंच टोक कापा, ओढू नका.

घरात खाजेची ट्यूब आहे, ती लावली की लगेच बरं वाटतं म्हणे.

वाटतं, आणि गोची तिथेच आहे. तशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं, काहींमध्ये स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र. दोन दिवसांत चेहरा शांत होतो, मग ट्यूब सोडवत नाही, आणि काही आठवड्यांनी कातडी पातळ, बारीक लाल शिरा, तोंडाभोवती पुरळ, आणि थांबवलं की दुप्पट आग. सौम्य हायड्रोकॉर्टिझोन डॉक्टर कधी कधी देतात, ते मोजून थोड्या दिवसांसाठी. त्यांनी सांगितलं तर लावा. शेजारच्यांनी सांगितलं तर नाही.

सनस्क्रीन लावलं की डोळ्यांतून पाणी येतं. घरातच आहे, नाही लावलं तर?

बाहेर पडणार असाल किंवा खिडकीशी बसून काम असेल तर लागतंच, कारण पातळ झालेल्या कातडीला ऊन लवकर लागतं आणि डागांना ऊन म्हणजे खतपाणी. केमिकल फिल्टरवालं झोंबत असेल तर थोडे दिवस झिंक ऑक्साईडवालं घ्या, एसपीएफ ३० किंवा जास्त. पांढरट थर दिसतो हे मान्य, टिंट असलेलं घेतलं तर जरा बरं. सोबत टोपी, स्कार्फ, छत्री. फारच सोललं असेल तर दोन-तीन दिवस सावलीत राहून टोपीवर भागवलं तरी चालेल, पण मग खरंच सावलीत राहा.

वॅक्सिंग, थ्रेडिंग, दाढी?

वॅक्सिंग अजिबात नाही. रेटिनॉल वापरणाऱ्याच्या कातडीचा वरचा थर मेणाबरोबर सरळ उचलला जातो, वरचा ओठ आणि भुवया इथे तर हमखास. एरवीसुद्धा वॅक्सच्या आधी किमान ५-७ दिवस रेटिनॉल थांबवायचं असतं, आणि पार्लरमध्ये गेल्या गेल्या हे सांगायचं. ट्रेटिनॉईन किंवा ॲडापलीन (पिंपल्सचंच आणखी एक रेटिनॉईड) असेल तर आणखी जास्त दिवस, आणि आयसोट्रेटिनॉईनच्या (पिंपल्सवरच्या, पोटात घ्यायच्या रेटिनॉईडच्या) गोळ्या चालू असतील तर वॅक्स विसराच. थ्रेडिंग पण आग थांबेपर्यंत पुढे ढकला. दाढीवाल्यांनी ट्रिमर वापरा, आफ्टरशेव्ह बंद.

डोळ्यांच्या खाली आणि नाकाच्या कडेलाच का जास्त झालं? तिथे तर लावलंच नव्हतं.

औषध सरकतं. रात्री उशीवर कूस बदलताना, मॉइश्चरायझर चोळताना, घामाने, आणि नाकाच्या खाचेत, तोंडाच्या कोपऱ्यात जाऊन साचतं. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, तिला एवढंसंही पुरतं. पुढच्या वेळी रेटिनॉल लावायच्या आधी या खाचांमध्ये जेलीची बारीक रेघ ओढा, बांध घातल्यासारखी. (इथे जेली आधी लावतोय, वरून नाही, म्हणून चालतं.)

डॉक्टरकडे कधी जायचं?

फोड आले, पाणी किंवा पू येतोय, पिवळट खपली धरतेय, पापण्या किंवा ओठ सुजलेत, आग इतकी की झोप लागत नाही, किंवा सगळं बंद करूनही आठवडाभरात काहीच उतार नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास किंवा चेहराभर झपाट्याने सूज असेल तर सरळ इमर्जन्सी. आणि आधीपासून एक्झिमा किंवा रोझेशिया असणाऱ्यांनी वाट बघत बसू नये. जाताना वापरलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, किंवा मागच्या लेबलचे फोटो तरी काढा, नाहीतर तिथे बसून 'ती निळ्या झाकणाची' असं सांगावं लागतं.

परत कधी सुरू करू? की करूच नको?

करू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः परत सुरू केलं आणि आता मस्त चाललंय. पण माझा नियम असा की साध्या पाण्याने, मॉइश्चरायझरने, सनस्क्रीनने सलग ७ दिवस काहीही झोंबलं नाही, त्यानंतर अजून एक आठवडा थांबायचं, आणि मगच. त्या जास्तीच्या आठवड्यात जीव जातो, पण थांबा.

मग ताकद कमी, ०.१ टक्के किंवा त्याहून कमी. आठवड्यातून एकदाच, समजा रविवारी रात्री. दोन-तीन आठवडे त्रास नाही तर दोनदा. पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं, आणि तुम्हाला जो मटार वाटतोय तो बहुतेक वाटाण्यांचा मोठा भाऊ असतो, अजून कमी घ्या. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावरच लावा, धुतल्यावर २० मिनिटं तरी जाऊ द्या. मॉइश्चरायझर आधी लावा, मग रेटिनॉल, वाटलं तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर, याला सँडविच म्हणतात, असर थोडा कमी होतो पण आपल्यासारख्यांना तेच हवंय. तेही झेपत नसेल तर लावून अर्ध्या तासाने धुऊन टाका आणि मॉइश्चरायझर लावून झोपा. आणि त्या रात्री दुसरं कुठलंही ॲसिड नाही, प्लीज, माझं वर वाचलंत ना.

फरक दिसायला तसेही ३ ते ६ महिने लागतात, मग पहिल्याच महिन्यात कसली घाई.

कमी टक्क्यांचं म्हणजे पैसे वाया नाही का?

युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम केला की चेहऱ्याच्या कॉस्मेटिक क्रीममध्ये रेटिनॉल ०.३ टक्क्यांच्या वर नको आणि बॉडी लोशनमध्ये ०.०५ च्या वर नको, नव्या वस्तूंना तो नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यामागचं मुख्य कारण शरीरात सगळीकडून मिळून जाणारं व्हिटॅमिन ए हे होतं, इरिटेशन नव्हे, पण मुद्दा असा की तिथल्या लोकांना ०.३ च्या आतच भागवायचंय. आणि १ टक्का आठवडाभर लावून महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा ०.१ टक्का वर्षभर लावलेलं कधीही जास्त.

बाकुचिओल घेतलं तर?

रेटिनॉलऐवजी लावायचा हा वनस्पतीतला घटक, संवेदनशील त्वचेला वाईट पर्याय नाही. २०१९ मध्ये ४४ जणांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा विरुद्ध ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डागांत दोन्हीकडे सारखाच फरक, आणि पापुद्रे, चुरचुर रेटिनॉलवाल्यांना जास्त. अभ्यास लहान आहे, रेटिनॉईड्सच्या मागे जशी अनेक दशकं आहेत तशी याच्या मागे नाहीत, हे लक्षात ठेवून घ्या. आणि बाकुचिओल बावचीच्या बियांतून येतं हे वाचून कुणी बावचीचं कच्चं तेल चेहऱ्याला लावू नका, त्यात सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलात तर भाजून फोड येतील. नाव सारखं म्हणून वस्तू सारखी नसते.

प्रेग्नंट आहे, थोडंसं लावलं तर चालेल?

नाही, बंद करा, आणि प्लॅन करत असाल तरी बंद करा. तोंडाने घ्यायच्या आयसोट्रेटिनॉईनने बाळात व्यंग येतं हे पक्कं आहे. लावायच्या क्रीममधून आत फार थोडं जातं, तरी खबरदारी म्हणून सगळे डॉक्टर टाळायलाच सांगतात. कळायच्या आधी थोडे दिवस लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला एवढंच.

ती अर्धी उरलेली बाटली फेकू का? जीव होत नाही.

आधी बघा रंग बदललाय का, गडद पिवळी-तपकिरी झालीये का, वास कुबट येतोय का. रेटिनॉल उजेडाने आणि हवेने खराब होतं, तसं असेल तर फेका. चांगली असेल तर झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. मी माझी १ टक्क्याची बाटली कोपरांना आणि दंडांच्या मागच्या खडबडीत जागी लावून संपवली, आठवड्यातून दोनदा, वरून लोशन. तिथली कातडी जाड, तिने काही तक्रार केली नाही. मानेला मात्र लावू नका, मान चेहऱ्याहून नाजूक असते, मला ते पण करून बघूनच कळलं.